नेव्हचा हात

"आईला जरा बाजूला घे गं, चहा सांडेल तिच्यावर," मॉरीन म्हणाली. जीननं टेबलावरची कापडी पिशवी दोन्ही हातांनी उचलली आणि पावाच्या डब्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवली.

पिशवीत मॉरीनची आई विनी ग्रिमशॉ होती, म्हणजे तिची राख. थॉर्नक्लफ टाऊन या फुटबॉल संघाचा घरचा सामना कधी न चुकवता तिनं सारी उमर मिल लेनच्या मैदानावर काढली होती, आणि आता कायमचा मुक्कामही तिथंच करायचं ठरवलं होतं. त्यात नवल काही नव्हतं. गावातले अर्धे लोक तसंच ठरवतात. गोलच्या तोंडाशी इतकी मंडळी विसावली आहेत, की तिथं गवत धरत नाही म्हणून मैदानाचा माळी दर वसंतात कुरकुरतो. विनीला मात्र गोल नको होता. तिला उजवीकडची कडेची रेषा हवी होती, कॉर्नरच्या झेंड्याअलीकडची, जिथं बुटक्या भिंतीला पोट टेकवून ती जन्मभर उभी राहिली.

"म्हणजे तुझीच जागा, नेव्ह," मॉरीन म्हणाली.

जीनचा नवरा नेव्हिल क्रॉशॉ सिंकपाशी कप पुसत उभा होता. कप कधीचाच कोरडा झाला होता.

"आणि आणखी एक आहे. मरायच्या आधी तिनं वचन घेतलं माझ्याकडनं. राख टाकायची ती शनिवारी, मध्यंतरात, सगळ्या लोकांसमोर. आणि त्याआधी गॉर्डन बर्टलनं मैदानाच्या मधनं नेव्हला एकदा चेंडू द्यायचा. एकदाच."

जीन इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. "अगं बाई! मेली तरी टोमणे काही सुटले नाहीत विनीचे!"

"गॉर्डन यायचा नाही," नेव्ह म्हणाला.

"येतोय की. मी फोन केला. 'चेंडू मी आणू की तिथं मिळेल?' एवढंच विचारलं त्यानं."

नेव्हनं कप कपाटात ठेवला, मग पुन्हा काढला आणि पुन्हा पुसला. "माझा गुडघा हल्ली जरा—"

"गुडघा?" जीन म्हणाली. "तुझ्या गुडघ्याला कधी काय झालंय? लोक विचारतात मला, पासष्टीला आला तरी जिना कसा उतरतो म्हणून!"

हे खरं होतं, आणि हेच लागणारं होतं. त्याच्या पिढीचे विंगर, म्हणजे कडेच्या रेषेवरून पळणारे खेळाडू, आज काठी टेकत चालतात. कुणाचे गुडघे बदललेले, कुणाचा घोटा खिळ्यांनी जोडलेला. नेव्हचे गुडघे देवानं दिले तसे शाबूत होते. फुटबॉलपटूचं शरीर म्हणजे त्याच्या खर्चाची वही असते, असं म्हणतात. नेव्हच्या वहीत खर्चाच्या बाजूला फारसं काही लिहिलेलं नव्हतं.

विंगर हा प्राणी संघात असून संघाबाहेरचा. बाकीचे एकमेकांच्या संगतीत खेळतात, विंगर प्रेक्षकांच्या संगतीत. गोलकीपरलाही शिव्या बसतात, पण त्या पाठीमागून, लांबून. विंगरला मात्र शिवी देणाऱ्यानं दुपारी कांदा खाल्लाय की नाही हेसुद्धा कळतं. सोळाव्या वर्षी लोकरीच्या गिरणीतून उचलून नेव्हला मिल लेनवर आणलं, ते त्याच्या पायांतला वारा बघून. पहिल्याच सामन्यात, विनीच्या भिंतीपुढून तो पळाला आणि चेंडू मागेच राहिला, तेव्हा ती ओरडली होती, "अरे, सामान विसरलास!" अख्खी भिंत हसली होती. त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

"नेव्ह, पळतोयस की पेपर टाकतोयस?" "नेव्ह, तिकीट काढून आलायस का बघायला?" "बाळा, आईला विचारून निघालास ना घरनं?" दर दुसऱ्या शनिवारी हा प्रसाद ठरलेला. आणि चांगला खेळला की ती गप्प बसत नसे, "हां! आता जेवायला घालायला हरकत नाही," म्हणे. त्या एका वाक्यासाठी नेव्हनं अडवायला आलेले किती बॅक चकवले असतील. विनी तोलून बोलायची. फुकटची स्तुती नाही, फुकटची शिवी नाही. गावातल्या कुठल्याही काट्यापेक्षा तिचा काटा नेमका होता, आणि नेव्हला तो आवडत असे, कारण तेव्हा त्याच्या पारड्यात घालायला काहीतरी असे.

मग शहात्तर सालचा तो सामना आला. हंगामातला शेवटचा. जिंकलं तर श्रेणीत राहायचं, नाहीतर खाली घसरायचं. समोर बॅक होता ट्रॅटर नावाचा, मानेनं बैलासारखा. खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, त्यानं नेव्हच्या पिंढरीवर खिळ्यांचा बूट उमटवला, मग हात देऊन उठवलं, आणि पाठ थोपटत, पंचाला दिसेल असं हसत कानात म्हणाला, "पुढच्या वेळी गुडघा हं, राजा."

त्याच वर्षी संघातल्या एकाचा गुडघा गेला होता. तो आवाज नेव्हनं ऐकला होता, ओली फांदी मोडावी तसा. जीनला दिवस गेलेले. नेव्ह उठला, आणि त्या दुपारी त्यानं जे केलं ते फक्त विंगरलाच करता येतं.

तो लपला.

मोकळ्या मैदानात, हजारो लोकांसमोर माणूस लपतो कसा? अगदी सोपं आहे. चेंडू हवा असतो तो विंगर पुढं किंवा मागं सरकून अशा जागी येतो, जिथून चेंडू देणाऱ्याला त्याचे बूट दिसतील. नको असतो तो प्रतिस्पर्धी बॅकच्या आड, त्याच्या सावलीत, पाऊलभर मागे राहतो. बॅक हलला की तोही तेवढाच हलतो. चेंडू देणाऱ्याला मधून दिसतो फक्त बॅक. आणि लोकांनी भित्रा म्हणू नये म्हणून? हात वर करायचा. उंच. "दे की! मी मोकळा आहे!" गॅलरीतून वर केलेला हात स्वच्छ दिसतो. वाट बंद आहे हे तेवढं दिसत नाही.

मैदानाच्या मधे चेंडू होता गॉर्डन बर्टलकडे. पाय चेंडूवर ठेवून तो मान वर करी, उजवीकडे बघी, आणि मागे देई. पुन्हा बघी, पुन्हा मागे. सारी गॅलरी ओरडायला लागली, "नेव्हला दे! अरे आंधळ्या, नेव्हला दे!" नेव्हचा हात वरच होता. उत्तरार्धात तो विनीच्या भिंतीपुढे आला. सुरुवातीला तिचाही आवाज होता. मग एकदा नेव्हनं कडेकडे पाहिलं तर ती गॉर्डनकडे बघत नव्हती, चेंडूकडे बघत नव्हती. ती नेव्हच्या पायांकडे बघत होती. त्यानंतर ती काही बोलली नाही.

सामना गेला. गाव खालच्या श्रेणीत गेलं. मॅनेजरनं पत्रकारांना सांगितलं, "ज्याला चेंडू हवाय त्याला द्यावा एवढीही अक्कल नसेल तर काय करायचं?" गॉर्डनला उन्हाळ्यातच काढून टाकलं. तोवर गावात म्हण रुजली होती. खानावळीत कुणी मीठ मागितलं की शेजारचा म्हणे, "गॉर्डनकडे मागू नकोस, द्यायचा नाही." गॉर्डनच्या बायकोला हे दुकानातही ऐकावं लागलं. ते लोक किडरमिन्स्टरला गेले. तो शनिवारी तिकडच्या लहानसहान संघांतून खेळत राहिला आणि बाकीचे दिवस गालिचांच्या गोदामात काम करत राहिला.

आणि नेव्ह? वर्तमानपत्रानं त्याचा फोटो छापला, हात उंच केलेला, तोंड उघडं, डोळ्यांत आर्जव. फोटोच्या कडेला ट्रॅटरचा खांदा येत होता, तो जागा वाचवायला कापून टाकला. राहिला एकटा नेव्ह, मोकळा, चेंडू मागणारा. तो फोटो क्लबच्या बारमध्ये लागला. नेव्ह पुढं आणखी काही वर्षं खेळला, बरा खेळला, मग मोटार शिकवायचं काम धरलं. अर्ध्या थॉर्नक्लफला त्यानंच आरसे बघायला शिकवलं. लोक म्हणत, बाकीचे ढेपाळले तरी आमचा नेव्ह दिवसभर चेंडू मागत होता. जमेच्या बाजूला एवढी मोठी रक्कम फुकट पडली की माणूस ती परत करायला जात नाही. फक्त तिच्याकडे बघायचं टाळतो.

राहिलेल्या हंगामांत विनीनं त्याला एकदाही टोमणा मारला नाही. लोक म्हणाले, वयानं निवळली. बाकीच्यांवर ती पूर्वीसारखीच तोफ डागत होती. नेव्ह आला की थर्मासचं झाकण लावायची, काढायची. जेवायला घालायचं वाक्यही त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

*

शनिवारी क्लबच्या बारमध्ये नेव्ह निळा कोट घालून उभा होता. सामन्याच्या दिवशी पाहुण्यांच्या टेबलांवर जुन्या गोष्टी सांगायचं काम त्याच्याकडे असे. दार उघडलं आणि गॉर्डन आत आला. डोक्यावरचे केस गेलेले, उजव्या हातात काठी, डाव्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत चेंडू.

"म्हटलं, इथला फुगलेला असेल नसेल," तो म्हणाला.

"गॉर्डन."

"नेव्ह. बारीक राहिलास रे."

"गुडघा?" नेव्हनं काठीकडे बघत विचारलं.

"दोन्ही. एक हा, एक तो. जिना असला की हिचा हात धरतो, नसला की हिला शिव्या देतो." गॉर्डननं काठी हलवली आणि तिथंच, त्या फोटोखाली खुर्ची ओढून बसला. वर पाहिलं नाही.

टेबलावर मांसाचं सारण भरलेल्या पाई आणि शिजवलेले वाटाणे आले. समोर छपाईचा कारखानदार पार्किन्सन बसला होता. त्या दिवशीच्या सामन्याच्या चेंडूचे पैसे त्याच्या कंपनीनं दिले होते, म्हणून तो जरा जास्तच घरचा झाला होता. "गॉर्डन बर्टल! प्रत्यक्ष!" तो म्हणाला. "बाबा, नुसतं ऐकत आलोय. आता मला सांग, मीठ मागू का नको?"

टेबल फुटलं हसून. गॉर्डनही हसला, सवयीनं, ओठांच्या एका बाजूनं, जसा माणूस रोजच्या वाटेवरच्या कुत्र्याला हसतो. मिठाची बाटली त्याच्या कोपराशी होती. त्यानं ती पार्किन्सनपुढे सरकवली. "हे घ्या. सुधारलोय."

नेव्हनं हसायचा प्रयत्न केला. मग काट्यानं वाटाणे ताटाच्या कडेला रचत राहिला.

"विनीला काय सुचलं हे, नाही?" गॉर्डन हळूच म्हणाला.

"तुला का बोलावलं असेल तिनं?"

"मला?" गॉर्डननं पाईचं कवच काट्यानं फोडलं. "मला वाटतं, तुला बोलावलंय. मी नुसता चेंडू घेऊन आलोय."

आणि तो पुन्हा पाईकडे वळला.

*

मध्यंतर झालं. खेळाडू आत गेले. वारा माळावरून सरळ कडेच्या रेषेवर येत होता. मॉरीन पिशवी पोटाशी धरून भिंतीजवळ उभी राहिली. गॉर्डन काठी टेकत मैदानाच्या मधे गेला, काठी गवतावर आडवी ठेवली, आणि चेंडूवर पाय ठेवून उभा राहिला. नेव्ह रेषेपाशी. त्याच्याजवळ क्लबचा शुभंकर मेंढा होता, म्हणजे मेंढ्याच्या भल्यामोठ्या मुंडक्यात घामाघूम झालेला गावातलाच कुणी तरुण, पोरांना हात हलवून दाखवत.

ध्वनिक्षेपकवाला तरुण माइक घेऊन आला. "मंडळी! विनी ग्रिमशॉची शेवटची इच्छा! इतकी वर्षं वाट बघितली आपण सगळ्यांनी. आज गॉर्डन बर्टल अखेर नेव्हला चेंडू देणार!"

हशा. टाळ्या. आणि मोठ्या गॅलरीतून, आधी दोघाचौघांनी, मग सगळ्यांनी, "नेव्हला दे! नेव्हला दे!" ज्यांनी तो सामना बघितला नव्हता, ज्यांचे बाप तेव्हा शाळेत होते, तेही ओरडत होते. लांब मधे गॉर्डन मान किंचित खाली घालून उभा होता. असाच तेव्हाही उभा होता.

"मिस्टर क्रॉशॉ, वाटलं होतं का कधी, हा चेंडू येईल म्हणून?" माइक नेव्हच्या तोंडाशी आला.

"मी मागितला नव्हता," नेव्ह म्हणाला.

"काय म्हणालात?"

"त्या दिवशी. मला नको होता चेंडू. मी लपलो होतो."

सारं मैदान खदखदलं. "ऐका! आजही सांभाळून घेतोय गॉर्डनला!" कुणीतरी ओरडलं. "असा माणूस पाहिजे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. ध्वनिक्षेपकवाल्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. नेव्हला कळलं की आता खरं सांगितलं तरी ते त्याच्याच जमेला पडणार. इतक्या वर्षांचं हे खातं तोंडानं मिटणारं नव्हतं.

त्यानं मेंढ्याचा हात धरला.

"इकडे ये. इथं उभा राहा. तोंड गॉर्डनकडे."

"मी? का?" मुंडक्याच्या आतून आवाज आला.

"उभा राहा म्हणतो ना! तू जरा डावी-उजवीकडे सरकत राहा."

लोकांना वाटलं गंमत आहे. पोरं टाळ्या पिटू लागली. नेव्ह मेंढ्याच्या मागे गेला, पाऊलभर मागे, त्याच्या पाठीच्या आड, आणि उजवा हात वर केला. उंच, बोटं पसरून. तोच हात, तोच फोटो. फोटोतून कापलेला माणूस तेवढा आता जागेवर होता.

"दे की!" नेव्ह ओरडला. "मी मोकळा आहे!"

मेंढा डावीकडे सरकला, नेव्ह सरकला. मेंढा उजवीकडे सरकला, नेव्ह सरकला. हात वरच. मधून गॉर्डननं मान वर केली आणि बघितलं. त्याला काय दिसत होतं ते आता कुणालाही दिसत होतं: एक लोकरीचं पोट, मोठी शिंगं, आणि त्यांच्या वर एक हात. बूट कुठंच नाहीत.

हसणं आधी भिंतीकडचं थांबलं. तिथं म्हातारे उभे राहतात. त्यांतल्या एकानं तोंडातला पाइप काढला. मग गॅलरीत खालून वर शांतता चढत गेली, पाणी चढावं तशी. सगळ्यांना कळलं असं नाही. ज्यांना कळलं त्यांच्याकडे बघून बाकीचे गप्प झाले. मेंढासुद्धा हात हलवायचा थांबला. नेव्हला हात खाली घ्यायचा होता, पण त्यानं तो घेतला नाही. खांदा भरून आला होता, आणि डोळ्यांपुढे मेंढ्याच्या पाठीची झिजलेली शिवण तेवढी होती.

गॉर्डननं चेंडूवरचा पाय काढला, आणि चेंडू मागे ढकलला. तेव्हा दिला होता तसाच, हळू, बिनचूक. कुणी ओरडलं नाही.

मॉरीननं पिशवीतून डबा काढला. काय झालं ते तिला नीट उमगलं नसावं. पण आईनं सांगितलेलं काम पुरं झालं एवढं तिला कळलं. तिनं रेषेवरून डबा तिरका करत नेला. वाऱ्यानं अर्धी विनी गवतावर टाकली, अर्धी नेव्हच्या पॉलिश केलेल्या बुटांवर.

खेळाडू परत मैदानात यायला लागले होते. गॉर्डन काठी टेकत रेषेपर्यंत आला.

"मेंढा जरा पुढं उभा केलास," तो म्हणाला. "तू त्याला याहून चिकटून होतास."

नेव्हनं मान वर केली नाही. "म्हणजे तुला ठाऊक होतं."

"मी मधोमध उभा होतो, नेव्ह. मला नाही तर कुणाला?"

"मग बोलला का नाहीस कुणाजवळ?"

"ड्रेसिंग रूममधलं बाहेर नेत नाहीत." गॉर्डननं काठी दुसऱ्या हातात घेतली. "बायकोला सांगितलं होतं. तिला पटलं नाही. म्हणाली, अरे, हात वर दिसतोय ना त्याचा."

पंचाची शिट्टी वाजली. दोघे भिंतीच्या कडेनं निघाले. या वाटेनं नेव्ह चालला की भिंतीवरून हात पुढं यायचे, पाठीवर थाप पडायची. आज हात खिशांत राहिले. कुणी वाईट बोललं नाही. पुढं एकानं गॉर्डनसाठी अवघडत टोपी काढली, आणि पुन्हा घातली.

विनीच्या जागी मॉरीन उभी होती, तिच्यासमोर भिंतीवर आईचा थर्मास. तिनं झाकणाच्या कपात बोव्हरिल, म्हणजे मांसाचं कढण, ओतलं, वाफाळतं, खारट, आणि भिंतीवरून गॉर्डनच्या हाती दिलं. "थंडी आहे. आई असती तर तिनंच दिलं असतं."

गॉर्डननं काठी काखेत धरली, दोन्ही हातांनी कप धरून अर्धा प्यायला. त्याची नजर मैदानावर होती; खेळ सुरू झाला होता आणि नवा विंगर रेषेवर येऊन उभा राहत होता. मग नेव्हकडे न बघताच त्यानं उरलेला कप बाजूला धरला.

नेव्हला हात पुढं करायला जरा वेळ लागला.